रौहाची पाळी

दर गुरुवारी आमच्या क्लबात एकाने बोलायचं असतं.
नियम साधा: नदीवरच्या बर्फाला पाडलेल्या भोकात
गळ्यापर्यंत बुडून यायचं,
मग सौनात सगळ्यात वरच्या फळीवर बसून
आपलं आयुष्य सांगायचं,
तापल्या दगडांवरच्या तीन पळ्या पाण्याची
वाफ टिकेल तेवढंच.
वाफेत तोंडं दिसत नाहीत.
म्हणूनच बहुधा इथे कुणी थापा मारत नाही.

रौहा एक्याऐंशीची.
चार हिवाळे पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी करत आली.
"सांगण्यासारखं काय आहे," म्हणाली,
"मी कागद मोजले."

एस्कोने पहिली पळी ओतली.

सोळाव्या वर्षी गिरणीत.
साठ बाया, लांब टेबलं, उत्तरेकडच्या खिडक्या,
आणि केसांना घरापर्यंत सोबत करणारा
उकडल्या कोबीचा वास.
ताव उचलायचा, उजेडात तिरपा धरायचा.
ठिपका, सुरकुती, एखादा केस दिसला
की डावीकडे. चांगला तो उजवीकडे.
मग मोजणी: गठ्ठ्याचा कोपरा असा पिळायचा
की तावांचा पंखा उघडतो,
बोटांच्या बेचक्यांत पाच, पाच, पाच.
पंचवीसचा दस्ता, पाचशेचं रीम.
"आणि चुकलं तर?" पिर्क्कोने विचारलं.
"चुकलं नाही."

दुसरी पळी.

नवरा तोइव्हो, ओंडके ओढणाऱ्या बोटीवर.
शनिवारी मोजून प्यायचा,
रविवारी न मोजता.
दोन मुली. थोरली स्वीडनला.
धाकटीच्या नावापाशी ती थांबली
आणि आम्ही दगडांची चुरचुर ऐकत राहिलो.

मग यंत्र आलं.
तिचा अख्खा दिवस ते एका मिनिटात मोजायचं.
साठातल्या चौघी ठेवल्या,
यंत्राच्या चुका मोजायला.
"बढती," ती म्हणाली, आणि एकटीच हसली.
पंचवीस वर्षं. एक दस्ता.
मग गिरणीच मिटली, एका मंगळवारी.
भोंगा रोजच्यासारखा वाजला,
फक्त बुधवारी वाजला नाही.
मालकांचं आभाराचं पत्र आलं.
"कागद बाहेरचा होता," ती म्हणाली, "हाताला कळलं.
शिवाय कोपऱ्यात डाग.
मी ते डावीकडे ठेवलं."

तिसरी पळी ओतायला एस्को विसरला.
कुणी आठवण केली नाही.

"एक चोरी केलीय," थोड्या वेळाने तिचा आवाज आला.
"त्या उन्हाळ्यात. धाकटीचा सहावा महिना.
तावात एक डास निघाला,
ओल्या लगद्यात बसला असणार बिचारा,
आणि रुळांनी त्याला तसाच चपटा केला,
सहाच्या सहा पाय, दोन्ही पंख.
नियमाने डावीकडे टाकला.
संध्याकाळी रद्दीतून उचलून पोटावर धरला
आणि फाटकातून बाहेर आले.
पहारेकऱ्याला पोटच दिसलं."

अजून आहे? पिर्क्को.
आहे. खणात.
काही लिहिलंत त्याच्यावर?
"मी काय लिहू?
ज्याला लिहायचं होतं त्याने लिहून ठेवलंय."

वाफ विरली होती. तोंडं दिसायला लागली
तसे सगळे टॉवेल शोधू लागले.
पुढचा गुरुवार माझा.
एकतीस वर्षं मी विमा विकला,
घरं, गाड्या, जीव;
आणि परवापासून आठवतोय
की माझ्या हातून डावीकडे काय काय गेलं,
त्यातलं उचलून आणलं असं
एक तरी.

रौहा पुन्हा पाण्याकडे निघाली, लोकरीची टोपी घालून.
मी मागे कंदील धरून.
लाकडी पायऱ्या ती मोजत उतरते, सवयीने, पुटपुटत,
पाच, दहा,
अकरा.
"मागच्या खेपेला बारा होत्या,"
काळ्या पाण्यातून ती म्हणाली.
"नदी चढलीय. सांग त्यांना."